धावतं वळण

सोसायटीतल्या मुलांच्या चित्रकला स्पर्धेची प्रशस्तिपत्रं छापून आणायचं काम दरवर्षी कुणाच्या तरी गळ्यात पडतं. यंदा ते माझ्या गळ्यात पडलं. कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्या मुलानं इंग्रजी मजकूर भराभर टाइप केला, नावाची ओळ निवडली आणि पडद्यावरची नजर न हलवता विचारलं, "काका, नाव जरा स्टायलिश करू ना? कोर्सिवा टाकतो." मी हो म्हणायच्या आत अक्षरं बदललीसुद्धा. मघाशी ताठ उभी होती ती उजवीकडे कलली, अंगानं सडसडीत झाली, टोकांना छोटे छोटे वळसे फुटले. साध्या कागदाला समारंभाची कळा आली.

तेव्हापासून हा टाइप मला जिथे तिथे भेटतो. लग्नपत्रिकेच्या इंग्रजी बाजूला वधूवरांची नावं त्यातच असतात. केकच्या खोक्यावर, ब्यूटी पार्लरच्या काचेवर, गॅदरिंगच्या बॅनरवर, निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या सन्मानपत्रावर तोच. कुणी कुणी तर हौसेनं सगळं नाव कॅपिटलमध्ये टाकतं. मग वळशांची ती मोठाली अक्षरं एकमेकांच्या पायात पाय घालून उभी राहतात आणि 'कुलकर्णी' वाचायला चष्मा पुसावा लागतो. तरी कुणाची तक्रार नसते. शोभेच्या अक्षरांकडून वाचनीयतेची अपेक्षा आपण फारशी करत नाही.

गंमत अशी, की या अक्षरांचा जन्म शोभेसाठी झालेलाच नाही. 'मोनोटाइप कोर्सिवा' हे या टाइपाचं पूर्ण नाव. मोनोटाइप कंपनीसाठी पॅट्रिशिया साँडर्स यांनी तो रेखाटला आणि मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसबरोबर तो गल्लीबोळांतल्या संगणकांवर जाऊन बसला. पण साँडर्स यांच्यासमोर जो नमुना होता, तो सोळाव्या शतकातल्या रोममधल्या एका लेखनिकाच्या हाताचा. लुदोविको देली आर्रिगी हे त्याचं नाव. पोपच्या दफ्तरातून जी छोटी अधिकृत पत्रं सुटायची, ती लिहून काढणं हे त्याचं काम. पत्रं पुष्कळ, वेळ थोडा, आणि वाचणारा दूरच्या मुलखातला. त्याला अक्षर लागलं नाही तर विचारायला परत येणार कोण? म्हणजे हात चालायला हवा झरझर आणि अक्षर हवं स्वच्छ. या दोन मागण्यांच्या ओढाताणीतून दफ्तराचं एक वळण घडलं. आर्रिगीनं ते लोकांना शिकवायचं ठरवलं आणि १५२२ साल घातलेली बत्तीस पानांची एक पुस्तिका काढली, 'ला ओपेरिना'. खिळे जुळवून हाताचं वळण दाखवता येईना, म्हणून सगळी पानं लाकडावर कोरून छापली. पुढे एका सोनाराला भागीदार घेऊन त्यानं आपल्याच वळणाचे धातूचे ठसेही पाडले. १५२७ साली सम्राटाच्या फौजांनी रोम लुटलं आणि त्यानंतर आर्रिगीचा माग लागत नाही. अक्षर तेवढं राहिलं आणि आमच्या कोपऱ्यावर येऊन 'स्टायलिश' झालं.

हे अक्षर घाईतून कसं घडतं, ते तिरक्या कापाच्या निबानं स्वतः गिरवून पाहिलं की कळतं. छोट्या लिपीतला 'एन' घ्या. उभ्या, म्हणजे रोमन वळणात आधी एक दांडी ओढायची, निब उचलायचं, दांडीच्या माथ्यापाशी पुन्हा टेकवायचं आणि कमान काढायची. दोन हालचाली, मध्ये एक श्वास. धावत्या वळणात निब उचलायचंच नाही. दांडी खाली आली की तिच्याच अंगावरून निब वर चढवायचं, अर्ध्या वाटेवर बाहेर पडायचं आणि वळून खाली उतरायचं. त्यामुळे कमान माथ्यातून न फुटता जवळजवळ पायातून फुटते. तिच्या पोटातली मोकळी जागा गोल न राहता निमुळती होते. असं ओळभर लिहिलं की हात आपोआप पुढे झुकतो, आणि हाताबरोबर अक्षर. कल हा शेवटी आलेला भाग आहे. मुळात आहे ती निब न उचलण्याची काटकसर.

'ए' बदलतो तोही याच कारणानं. उभ्या ठशात त्याच्या डोक्यावर छज्जा असतो. धावत्या हाताला तो बांधत बसायला सवड नाही, म्हणून पोट आणि दांडी एवढ्यावर भागतं. 'एफ' उलट ओळीच्या खाली पाय सोडतो, कारण हाताला आलेला वेग तिथे एकदम थांबत नाही. छापखान्यात या 'एफ'नं फार छळलं. त्याचं डोकं आणि शेपूट खिळ्याच्या बाहेर लोंबायचं आणि दाबाखाली मोडायचं.

लेखनिकांच्याही आधी ही घाई फ्लॉरेन्समधल्या पुस्तकवेड्यांच्या हातात होती. पंधराव्या शतकाच्या आरंभी निक्कोलो निक्कोली नावाचा एक विद्वान तिथे होता. स्वतः फारसं काही लिहिलं नाही, पण प्राचीन लॅटिन ग्रंथ मिळवायचे आणि नकलून घ्यायचे, हा ध्यास. ग्रंथ हाती यायचे ते बऱ्याचदा उसने; परत करायचे असत. अशा माणसाला अक्षराचे लाड परवडत नाहीत. त्याच्या मित्रमंडळींनी घडवलेलं गोल, उभं, शांत अक्षर त्याच्या हातात कलायला लागलं, एकमेकांत गुंतायला लागलं. निक्कोली गेल्यावर त्याची पुस्तकं सान मार्कोच्या मठात गेली आणि वाचणाऱ्यांना खुली झाली. वाचायची हाव हे या वळणाचं पहिलं इंधन. दफ्तराचं काम नंतर आलं.

धातूत मात्र हे वळण उतरलं ते व्हेनिसमध्ये. आल्दुस मानुतिउस हा तिथला छापखानदार मुळात शिकवणी करणारा माणूस. ग्रीक ग्रंथ छापायचे म्हणून या धंद्यात पडला. त्याच्याकडे बोलोन्याचा फ्रांचेस्को ग्रिफो हा ठसे कोरणारा होता. पोलादाच्या बारीक कांबीच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिसं ओतून खिळे पाडायचे. कानशीच्या एका ओढीनं चुकलेलं अक्षर पुन्हा भरून येत नाही. म्हणजे जगातलं सगळ्यात सावकाश काम. आणि या सावकाश हाताला सांगितलं काय, तर धावत्या हाताचं चित्र काढ. १५०० साली सिएनाच्या संत कॅथरिनच्या पत्रांचं पुस्तक निघालं, त्यातल्या एका चित्रात संतिणीच्या हातातल्या उघड्या पोथीवर या नव्या अक्षरांतले मोजके शब्द पहिल्यांदा दिसले. पुढच्या वर्षी रोमन कवी वर्जिल आख्खा त्याच अक्षरात आला. वितीपेक्षा कमी उंचीचं, टीकाभाष्याचा काठ काढून टाकलेलं, हातात धरून कुठेही वाचता येईल असं पुस्तक. त्याच्या आरंभी आल्दुसनं एका छोट्या लॅटिन कवनात ग्रिफोच्या हातांची स्तुती छापली. कारागिराचं नाव असं पुस्तकात येणं ही त्या काळी रोजची गोष्ट नव्हती.

त्या वर्जिलचं पान निरखून पाहावं असं आहे. प्रत्येक ओळीच्या आरंभी एक छोटं कॅपिटल अक्षर, सरळ उभं. त्याच्यानंतर जराशी मोकळी जागा, आणि मग बाकीची ओळ कललेली. त्यामुळे पानाच्या डाव्या कडेला ताठ अक्षरांची एक रांग तयार होते आणि तिच्यापासून उजवीकडे सगळा मजकूर धाव घेतो. जोडाक्षरं पुष्कळ. ग्रिफोनं लेखनिकाच्या हातातले जोड जसेच्या तसे उचलले. आपल्याला त्याचं काही वाटू नये, पण रोमन लिपीच्या खिळ्यांत ते अपूर्वाईचं होतं. कलही किती बेताचा! आजच्या मानानं ही अक्षरं नुसती मान वळवून पाहतात.

१५०२ पासून आल्दुसच्या पुस्तकांवर एक चिन्ह दिसतं. जहाजाच्या नांगराला वेटोळं घातलेला डॉल्फिन. पिएत्रो बेम्बो या विद्वान मित्रानं त्याला एक जुनं रोमन नाणं दिलं होतं, त्यावरचं हे चित्र. डॉल्फिन हा वेग, नांगर हा ठहराव. दोन्ही मिळून 'घाई कर, पण सावकाश' असा अर्थ लावायचा. ही आल्दुसच्या धंद्याची रीत होती असं सांगतात. मला मात्र ते चिन्ह पाहिलं की त्याच्या पानाची डावी कड आठवते. उभं कॅपिटल हा नांगर आणि पुढची ओळ हा डॉल्फिन. नुसताच नांगर असता तर ते शिलालेखाचं पान झालं असतं, नुसताच डॉल्फिन असता तर डोळा कुठे ठरला नसता.

पुढची हकीकत अशी सुंदर नाही. व्हेनिसच्या सिनेटनं या अक्षरांचा हक्क आल्दुसला दिला, पण सिनेटचा हुकूम फ्रान्समधल्या लियाँपर्यंत कुठला पोचायला! तिथल्या छापखान्यांनी त्याच्या पुस्तकांच्या तंतोतंत नकला काढल्या. आल्दुस चिडला आणि १५०३ साली त्यानं एक जाहीर इशारा छापला: लियाँच्या प्रतींत अमुक अमुक चुका आहेत, गिऱ्हाइकांनी सावध राहावं. लियाँवाल्यांनी तो शांतपणे वाचला आणि त्या यादीबरहुकूम आपल्या चुका दुरुस्त करून घेतल्या. असा फुकट मुद्रितशोधक कुणाला मिळतो? तिकडे ग्रिफोचं आणि आल्दुसचं बिनसलं. हक्कपत्रात ग्रिफोला काहीच नव्हतं. तो फानो गावच्या सोनचिनो या छापखानदाराकडे गेला, आणि सोनचिनोनं छापून टाकलं की या अक्षरांचा खरा जनक हाच. म्हातारपणी ग्रिफो बोलोन्याला परतला, स्वतःची छोटी छोटी पुस्तकं काढू लागला. मग घरच्या भांडणात लोखंडी कांबीनं जावयाला मारल्याचा आरोप त्याच्यावर आला. जावई दगावला. थोड्याच वर्षांत ग्रिफोचं नाव कागदपत्रांतून नाहीसं होतं. इतका नाजूक हात आणि ती लोखंडी कांब, यांची सांगड मला घालता येत नाही. घालावी तरी कशाला?

तिरक्या अक्षरांत आख्खी पुस्तकं छापायची चाल सोळाव्या शतकात बराच काळ टिकली. मग उभ्या अक्षरांनी पान परत घेतलं आणि तिरकी अक्षरं त्यांच्या घरी पाहुणी म्हणून राहू लागली. पाहुण्यांना वेगवेगळी कामं लागली. पुस्तकांची नावं, जहाजांची नावं, नाटकातल्या कंसातल्या सूचना, झाडाझुडपांची लॅटिन नावं, गणितातला 'एक्स'. एक काम मला सगळ्यांत आवडतं. १५६० सालच्या जिनिव्हा बायबलमध्ये भाषांतरकारांनी काही शब्द तिरके छापले. मूळ हिब्रू-ग्रीकमध्ये जे शब्द नाहीत, पण इंग्रजी वाक्य पुरं व्हायला आपण पदरचे घातले, तेवढेच. आज तिरका शब्द म्हणजे जोर द्यायचा शब्द असं आपण धरून चालतो. तिथे तो नेमका उलटा होता: हा शब्द देवाचा नाही, आमचा आहे, हलक्या आवाजात वाचा.

आणि परिच्छेदच आख्खा तिरका असेल तर? मग ज्या शब्दावर जोर द्यायचा तो सरळ उभा करतात. सगळे झुकलेले असताना ताठ उभा राहणारा लगेच दिसतो. म्हणजे अर्थ कलण्यात नाही, शेजाऱ्यापासून वेगळं असण्यात आहे.

पण वेगळं किती असावं, हे ठरवताना विसाव्या शतकातल्या जाणत्यांची तारांबळ उडाली. मोनोटाइपनं बेम्बोच्या नावानं ग्रिफोचा उभा टाइप पुन्हा घडवला, तेव्हा त्याला जोडीचा तिरका टाइप काढायचं काम आल्फ्रेड फेअरबँककडे आलं. हा इंग्लंडच्या नौदल खात्यात नोकरी करणारा. दिवसा फायली, बाकी वेळ निब. त्यानं काढलेलं अक्षर अरुंद, टोकदार आणि इतकं देखणं निघालं, की शेजारची उभी अक्षरं फिकी पडली. कंपनीनं ते जोडीला न देता वेगळं ठेवलं आणि बेम्बोला दुसरं, जरा मवाळ अक्षर शोधलं. याच सुमारास, १९२६ मध्ये, मोनोटाइपचा सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन यानं लेख लिहून मांडलं होतं, की आदर्श तिरकं अक्षर म्हणजे उभंच अक्षर, नुसतं कललेलं. हाताच्या लकबी हव्यात कशाला? तर्काला बिनतोड. त्या तत्त्वावर काही टाइप निघालेही, पण ते छापून आल्यावर डोळ्यांना गोड लागेनात. १९३२ मध्ये स्वतः मॉरिसनच्या देखरेखीखाली टाइम्स न्यू रोमन आला, त्याच्या तिरक्या अक्षरांत लकबी होत्याच. लायनोटाइप यंत्राचं दुखणं वेगळं. त्याच्या एकाच पितळी साच्यावर उभं आणि तिरकं अशी दोन्ही अक्षरं असत, त्यामुळे दोघांची रुंदी सारखीच ठेवावी लागे. सडसडीत अंगाची अक्षरं उभ्यांच्या मापात बसवायला ताणली गेली. त्या काळातली इंग्रजी पुस्तकं चाळताना तिरके शब्द ऐसपैस पसरलेले दिसतात ते यामुळे.

मॉरिसनची ती कल्पना आपल्याकडे मात्र रोज अमलात येते. मराठी मजकूर निवडायचा, 'आय' लिहिलेलं बटण दाबायचं, की देवनागरी कलते. लेखाखालचा लेखक-परिचय, वर्तमानपत्रातला चौकटीतला उतारा, दिवाळी अंकातली कविता, सगळं या बटणाच्या कृपेनं तिरकं. त्यात हात कुठेच नसतो. शिरोरेषा आडवीच राहते आणि तिच्याखाली काने, दंड सगळे एकाच अंशात झुकतात. वळणीवरचे कपडे वाऱ्यानं एका बाजूला जावेत तसे. 'क' तोच, 'अ' तोच. घाई नाही, म्हणून वळणही नाही.

तशी आपल्याला गरज तरी कुठे होती म्हणा. इंग्रजी वाक्यात ज्या शब्दावर जोर द्यायला तो तिरका करतात, तिथे आपण एक 'च' लावून मोकळे होतो. 'मी सांगितलंच होतं' या वाक्याला छापखान्याची मदत लागत नाही. फार तर मुद्रितावर नागमोडी रेघ मारून शब्द ठळक करायचा.

तरीही धावतं वळण आपल्याकडे नव्हतं असं नाही. पुण्याच्या पुरालेखागारात, आपण ज्याला पेशवे दफ्तर म्हणतो तिथे, हजारो रुमालांत ते बांधून ठेवलेलं आहे. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग होईल तितका बोरू न उचलता लिहीत जाई. पुष्कळ अक्षरांत काना सुटा येत नाही. अक्षराच्या खालच्या टोकातूनच निघतो, वर चढतो, रेघेला टेकतो आणि खाली उतरतो. आर्रिगीच्या 'एन'ची कमान पायातून फुटते ती याच कारणानं. एकानं पोपची पत्रं लिहिली, दुसऱ्यानं सरदारांची आणि देशमुखांची; ओझं सारखंच, दोघांना टपाल गाठायचं होतं. मोडीतही चिटणिशी, बिवलकरी अशी घराण्यांची वळणं होती. जाणकार अक्षर पाहून फड ओळखत.

मोडी शिशात उतरलीच नाही असंही नाही. विल्यम कॅरी या मिशनऱ्यानं १८१० साली बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठी शब्दकोश छापला, त्यातले मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांत आहेत. पण मुंबईकडच्या छापखान्यांनी आणि शाळाखात्यानं छपाईसाठी बाळबोध धरली. ती सुटसुटीत, शिकायला सोपी; निर्णय व्यवहाराचा होता. मोडी हातात राहिली, आणि हाताची गरज संपली तशी विसाव्या शतकाच्या मध्याला शाळेतूनही गेली. इटलीत उभं आणि धावतं अशी दोन्ही वळणं छापखान्याच्या दारातून आत गेली आणि पुढे एकमेकांच्या शेजारी नांदली. आपल्याकडे एकच आत गेलं.

२०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. आता ती संगणकावर उमटते. अभ्यासक तिच्यात जुने कागद उतरवून घेतात, हौशी मुलं टी-शर्टावर नाव छापून घेतात. माझ्या मनात वेगळंच येतं. एखाद्या मराठी कादंबरीत पत्राचा मजकूर आला, किंवा पात्र मनाशीच काही बोललं, तर बाळबोधीशेजारी बटणानं वाकवलेली बाळबोधच का यावी? मोडीची लय घेतलेलं, काना खालून वर चढवणारं, पण आजच्या वाचकाला अडखळायला न लावणारं एखादं अक्षर का येऊ नये? ग्रिफोनंही लेखनिकाचा हात जसाच्या तसा कुठे घेतला होता? कल बेताचा ठेवला, कॅपिटलं सरळ राखली, फराटे छाटले. मोडीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे कानस हातात घेऊन ठरवणारं कुणी भेटायला हवं. आणि पुस्तकाच्या आरंभी त्याचं नाव छापणारा एखादा आल्दुसही, निदान भांडण होईपर्यंत तरी.